सोळा वर्षं मानवलेला कलप एका रात्रीत का उतला?

मागच्या वर्षी तुळशीचं लग्न लागल्यावर जिंतूर तालुक्यात आमच्या मामांच्या नातीचं लग्न निघालं. हळदीच्या आदल्या संध्याकाळी मामांनी आरशासमोर बसून घरीच कलप लावला. हळदीच्या रात्री डोकं खाजायला लागलं. लग्नाच्या दिवशी सकाळी उठले तर डोळेच उघडेनात. पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या, कानामागून पाणी झिरपतंय, कपाळ लालबुंद. मामींनी दोष दिला आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीला. एका पाहुण्यानं हळदीला. तिसऱ्यानं ‘रक्त बिघडलंय’ म्हणून निकालच देऊन टाकला. तालुक्याच्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, डोक्याला काय लावलं होतं?

“कलप. पण सायब, सोळा वर्षं लावतोय की. तवा काही झालं नाही, मग आताच कामून?”

डॉक्टरांच्या दारात पेशंटची रांग होती. गोळ्या लिहून देत ते म्हणाले, “होतं असं.” मामा माझ्याकडे वळले, “तू तर केमिस्ट्रीचा मास्तर. तू सांग.” तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण त्या अंगणात मला धड दोन वाक्यं सुचली नाहीत. हा लेख म्हणजे मामांना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

चुरचुर वेगळी, ॲलर्जी वेगळी

आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की ‘ॲलर्जी झाली’ म्हणतात. तसं नसतं. चुना कालवताना हात फाटतात, ॲसिडनं फरशी धुताना बोटं भाजतात, कपड्याच्या सोड्यानं तळवे सोलवटतात. हे कुणालाही होईल, पहिल्याच दिवशी होईल, आणि जितका माल जास्त तितकं जास्त होईल. ही सरळ इजा आहे. मिरची कांडताना होणारी आग तर इजाही नाही. तिखटातला पदार्थ उष्णता ओळखणाऱ्या नसांना फसवतो, इतकंच.

‘पित्त उठणं’ म्हणजे अंगावर गांध्या येणं, हा आणखी एक प्रकार. त्या मिनिटांत येतात आणि काही तासांत विरतात. त्यांचा रस्ता वेगळा.

मामांना झाली ती तिसरी गोष्ट, स्पर्शाची ॲलर्जी. तिच्या दोन खुणा लक्षात ठेवा. एक, ती सगळ्यांना होत नाही. ज्याच्या शरीरानं तो पदार्थ आधी कधीतरी पाहिलेला असतो आणि शत्रू म्हणून लक्षात ठेवलेला असतो, त्यालाच होते. दोन, ती उशिरा येते, साधारण एक ते तीन दिवसांनी. म्हणूनच बिचाऱ्या वांग्यावर आळ आला. माणूस कालचं आठवतो, परवाचं विसरतो.

भिंतीतून आत कोण शिरतं

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. बहुतेक ठिकाणी वहीच्या कागदापेक्षाही पातळ, पण बांधकाम पक्कं. पेशी म्हणजे विटा, आणि दोन विटांच्या मधे चरबीचा गारा. पाऊस पडला तर आपण पाणी पिऊन फुगत नाही, ते या गाऱ्यामुळं.

पण भिंत म्हटलं की फटी आल्याच. त्यातून आत जायला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे रेणू लहान हवा. रेणूचं वजन ‘डाल्टन’ या मापात मोजतात. हायड्रोजनचा एक अणू म्हणजे साधारण १ डाल्टन, पाण्याचा रेणू १८. ॲम्स्टरडॅमच्या दोन त्वचातज्ज्ञांनी २००० साली एक ठोकताळा मांडला. साधारण ५०० डाल्टनच्या वरचा रेणू धडधाकट कातडीतून फारसा आत जात नाही, आणि स्पर्शाची ॲलर्जी देणारे नेहमीचे पदार्थ जवळजवळ सगळे या वजनाच्या खालचे आहेत. कलपातला मुख्य पदार्थ १०८. गाजरगवतातला विषारी पदार्थ २६२. बिब्याच्या तेलातले रेणू ३२०च्या आसपास.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याला चरबीत थोडंफार विरघळता यायला हवं, कारण वाट गाऱ्यातून आहे.

भिंत सगळीकडे सारखी जाडही नसते. टाचेची सगळ्यात जाड, पापणीची सगळ्यात नाजूक. आमची आजी टाचेच्या भेगेत बिबा भरायची आणि तिला बहुधा काही व्हायचं नाही. तोच हात चुकून डोळ्याला लागला की घरभर बोंब. मामांनीही कलप लावला डोक्याला आणि सुजल्या पापण्या.

भिंतच पडलेली असली तर वजनाचा नियमही पडतो. जखमेवर लावायच्या बऱ्याच मलमांत निओमायसिन नावाचं प्रतिजैविक असतं. त्याचं वजन ६०० डाल्टनच्या वर, तरी त्याची ॲलर्जी अनेकांना होते. कारण आपण ते लावतोच मुळी फुटलेल्या कातडीवर.

आकडा टाकणारे रेणू

आता खरा मुद्दा. लहान असणं पुरेसं असतं तर खोबरेल तेलाबरोबर शोषल्या जाणाऱ्या हजार गोष्टींची ॲलर्जी झाली असती. ग्लिसरीन लहानच आहे, अवघं ९२ डाल्टन. हिवाळ्यात आपण ते ओठांना चोपडतो आणि क्वचितच कुणाला काही होतं. मग कलपातल्या १०८वाल्यानंच काय घोडं मारलंय?

आपल्या गावांकडे विजेच्या तारेवर आकडा टाकणं हा काय प्रकार असतो ते सांगायला नको. तारेत वीज खेळत असते. वाकवलेल्या टोकाची काठी वर केली की ती तारेला धरते. सरळ काठी धरत नाही, घसरून खाली येते. कातडीत आतल्या बाजूला प्रथिनं असतात. त्यांच्यावर काही ठिकाणी गंधकाचे आणि नायट्रोजनचे अणू आहेत, आणि त्यांच्याकडे वाटून घेण्याजोगे जादा इलेक्ट्रॉन असतात. ही झाली आपली जिवंत तार. ज्या रेणूला इलेक्ट्रॉनांची भूक आहे त्याच्या अंगाला जणू आकडा असतो. तो तारेवर पडला की पक्का रासायनिक बंध होतो, मग झटकून सुटत नाही. ग्लिसरीन ही सरळ काठी. त्याला आकडा नाही.

अशा आकडेवाल्या लहान रेणूला शास्त्रात ‘हॅप्टन’ म्हणतात. हा शब्द एकदाच सांगतो, पुढे आपण आकडेवालाच म्हणू.

नुसत्या आकड्यानंही ॲलर्जी होत नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशींना इतका लहान रेणू एकटा असताना दिसतच नाही. पावसाळ्यात घरधनी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन रात्री घरी येतो, आणि त्याचंच कुत्रं त्याच्यावर धावून जातं, हे पाहिलंय ना? कुत्र्याचं पोत्याशी वैर नसतं. तेच पोतं दिवसभर ओसरीत पडलेलं असतं. पण ओळखीच्या माणसानं ते अंगावर घेतलं की माणूसच परका दिसतो. प्रथिन म्हणजे घरधनी, आणि अडकलेला रेणू म्हणजे खोळ. पेशींना आपलंच प्रथिन परकं वाटतं.

कातडीत फिरणाऱ्या काही पेशी या ‘परक्या’चा तुकडा उचलून काखेत, मानेत असतात तशा जवळच्या गाठीपर्यंत नेतात, तिथं त्याला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींची फौज तयार होते. याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी तोच पदार्थ लागला की ही फौज एक-दोन दिवसांत तिथं पोचते, आणि सूज, खाज, पाणी हे सगळं तिच्या हाणामारीतून होतं. म्हणजे पदार्थ कातडी जाळत नाही. जाळतं आपलंच कुत्रं.

हे कुणी ताडलं?

रक्तगट शोधल्याबद्दल १९३०चं नोबेल मिळालेले कार्ल लँडस्टायनर सगळ्यांना माहीत असतात. त्यांचं हे दुसरं काम मला जास्त आवडतं. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आणि जेकब्स या सहकाऱ्यानं क्लोरीन असलेले, एकमेकांसारखेच दिसणारे पदार्थ घेतले आणि गिनीपिगच्या कातडीला लावले. काहींची ॲलर्जी झाली, काहींची नाही. मग त्यांनी तेच पदार्थ परीक्षानळीत तपासले. ज्यांतला क्लोरीन सैल होता, म्हणजे दुसरा पदार्थ भेटताच क्लोरीन सोडून त्याला धरत होता, त्यांनीच गिनीपिगला ॲलर्जी दिली होती. ज्यांचा क्लोरीन घट्ट, ते निरुपद्रवी.

जनावराची कातडी आणि काचेची नळी एकच उत्तर देत होती. प्रथिन, कातडी, प्रतिकारशक्ती हे सगळं गुंतागुंतीचं जग, आणि त्याची किल्ली एका बंधाच्या सैलपणात! मी वर्गात हे सांगायचो तेव्हा पोरं नीट-जेईईच्या गुणांचा हिशेब करत बसलेली असायची, पण माझ्या अंगावर काटा यायचाच.

त्याच धाग्यावर आज प्राण्यांशिवाय चाचण्या होतात. गंधक किंवा नायट्रोजनची ‘तार’ असलेले प्रथिनाचे छोटे तुकडे नळीत घ्यायचे, नवा पदार्थ मिसळायचा, एक दिवस ठेवायचं आणि किती तुकडे मोकळे उरले ते मोजायचं. मोकळे तुकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घटले तर पदार्थ संशयित. ही पद्धत २०१५पासून आंतरराष्ट्रीय मान्यतेची आहे. आपल्या देशानं सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ सालीच बंदी घातली.

“पण आम्ही नैसर्गिकच वापरतो”

हा आक्षेप हमखास येतो, आणि त्याचं उत्तर आपल्या रानातच आहे.

बिबा घ्या. किनवट-माहूरकडच्या जंगलात त्याची झाडं, बाजारात त्याची गोडंबी, आणि बाळंतिणीच्या लाडवांत तिचा मान. पण टरफलातलं काळं तेल अंगाला लागलं की बिबा ‘उततो’. फोड, सूज, महिनाभर न जाणारे काळे डाग. त्या तेलाच्या रेणूला एक डोकं आणि एक लांब शेपूट असतं. शेपूट पंधरा कार्बनांची, चरबीवर जीव असलेली. ती चरबीच्या गाऱ्यातून सुळकन आत शिरते. डोक्यावर ऑक्सिजनच्या दोन जागा. हवा लागली, किंवा कातडीतल्या रसायनांनी छेडलं, की डोक्याचं इलेक्ट्रॉनांसाठी वखवखलेल्या आकड्यात रूपांतर होतं. आत शिरायची शेपूट आणि धरायचा आकडा एकाच रेणूत. निसर्गानं मन लावून घडवलेलं काम आहे.

परीट याच तेलात चुना मिसळून कपड्यांवर खुणा करायचे. धुऊन धुऊन कापड विरायचं, पण खूण जायची नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर नेमकं परटाच्या खुणेखालीच पुरळ उठायचं. १९४३मध्ये तसा अहवालही छापून आला. जो गुण परटाला हवा होता, कापडाला धरून बसण्याचा, तोच कातडीला भोवला. आपल्या भाषेत ‘कामात बिब्बा घालणं’ उगाच आलं नाही.

बिबा, आंबा आणि काजू एकाच घराण्यातले. आंब्याच्या देठाचा चीक, काजूच्या टरफलाचं तेल, दोघांतही याच ठेवणीचे रेणू. मराठवाडा केसरची पेटी फोडून देठाकडूनच आंबा चोखला आणि तोंडाभोवती फुणग्या आल्या, तर ती ‘आंब्याची उष्णता’ नसून बहुधा चिकाची करामत असते. बिबा उतलेल्या माणसाला चीकही त्रास देऊ शकतो. कुत्र्याला नेमकं पोतं आठवत नाही, पोत्यासारखं काहीही पुरतं.

आता गाजरगवत. पक्ष न बघता सगळेच ज्याला काँग्रेस म्हणतात ते. मूळ अमेरिका खंडातलं. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून बांध, रेल्वेरूळ, शाळेची मैदानं असं करत ते परभणी-नांदेडपर्यंत सगळीकडे पसरलं. त्याच्या पानांवरच्या केसांत पार्थेनिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूत पाच अणूंच्या कड्यातून बाहेर लोंबणारा एक दुहेरी बंध आहे. तो नेमका प्रथिनातल्या गंधकावर पडतो. आपल्या उपम्याचा याहून स्पष्ट आकडा मला रसायनशास्त्रात दुसरा माहीत नाही.

हे गवत हातात न धरताही लागतं. वाळलं की त्याचा भुगा वाऱ्यावर उडतो आणि घामेजल्या कातडीवर बसतो. आमच्या शेजारच्या एका आबांचं पाहिलंय. पापण्या, मान, कोपराची घडी, सदऱ्याच्या गळ्यातून दिसणारा त्रिकोण, तेवढंच काळं, जाड, सुरकुतलेलं. सदऱ्याखालची कातडी मात्र लेकरासारखी. वर्षानुवर्षं शिवारात राबणाऱ्यांत हे जास्त दिसतं आणि पुढेपुढे काहींना उन्हाचीच बाधा होऊ लागते. झेंडू, शेवंती, सूर्यफूल हेही त्याच कुळातले. अशा काहींना दसऱ्याला झेंडूचे हार ओवतानाही खाज सुटते, आणि घरचे म्हणतात, “देवाच्या फुलाचं काय बाधतंय!”

तेव्हा कातडीला सातबारा बघता येत नाही. पदार्थ रानातला की कारखान्यातला, हे तिला कळत नाही. तिला आकडा कळतो. उलटंही खरं: कारखान्यात बनलेलं शुद्ध पेट्रोलियम जेली हे कातडीसाठी सगळ्यात गरीब पदार्थांपैकी एक आहे, कारण त्यात आकडेच नाहीत.

मामांचा कलप, आणि ती सोळा वर्षं

काळ्या कलपातला मुख्य पदार्थ पॅरा-फेनिलीनडायअमाईन. तो मुळात रंग नाहीच. दुसऱ्या बाटलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यात मिसळलं की तो बदलतो, केसाच्या आत शिरून एकमेकांना धरतो, आणि त्या गुंत्याला काळा रंग येतो. गुंता मोठा झाल्यामुळं केसातून बाहेर पडत नाही, म्हणून कलप ‘पक्का’. म्हणजे मूळचा पदार्थ सरळ काठी होता. पेरॉक्साइडनं किंवा हवेनं ती वाकवली आणि आकडा झाला. हा वाकवलेला, पण अजून गुंत्यात न अडकलेला रेणू जेवढा वेळ डोक्यावर असतो, तेवढा वेळ त्याला केस आणि कातडी सारखेच.

केसात शिरण्याइतका लहान आणि तिथं पक्का धरण्याइतका उतावीळ, यासाठीच तर आपण तो विकत घेतो. बिब्याचीच कथा परत आली, ध्यानात आलं असेल.

आता सोळा वर्षं. दर वेळी कलप लावताना थोडे रेणू आत गेले, थोडे अडकले. कातडीकडे असे आकडे आधीच गिळून टाकणारे गंधकवाले रेणू असतात, ते बरंच निभावतात. पण फौज उभी राहायची की नाही, हे एका चौरस सेंटिमीटरवर किती माल पडला, भिंत तेव्हा शाबूत होती का, आणि माणसाची जन्मजात ठेवण कशी, यावर ठरतं. एखाद्या महिन्यात टाळूवर खरचटलेलं असतं, किंवा कलप नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला जातो, आणि फौज उभी राहते. खरं सांगायचं तर मामांची फौज त्या लग्नाच्या कलपानं उभी राहिली नसावी. ती त्याआधीच्या एखाद्या कलपानं गुपचूप तयार झाली असणार. लग्नातल्या कलपानं फक्त तिला बोलावलं.

तेव्हा ‘इतकी वर्षं चाललं’ हा पुरावा नव्हे. आणि एकदा फौजेनं ओळख धरली की ती सहसा पुसत नाही.

लहान पोरींच्या हातांवर काढतात त्या ‘काळ्या मेंदी’बद्दल दोन शब्द. खरी मेंदी नारिंगी ते लालतपकिरी रंगते, तासाभरात काळीकुट्ट होत नाही. झाली तर तिच्यात बहुतेक हाच कलपाचा पदार्थ घातलेला असतो, तोही बिनमापाचा, सरळ कातडीवर. जत्रेत काढलेल्या त्या नक्षीनं आठ वर्षांच्या पोरीच्या अंगात फौज तयार होते आणि पंधरा-वीस वर्षांनी पहिल्याच कलपाला तिचे डोळे सुजून बंद होतात. तेव्हा जत्रा कुणाला आठवणार?

“मला खोटं मानवत नाही”

हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात एखादी तरी बाई म्हणते. खोटं म्हणजे सोन्याचं नसलेलं. कानात घातलं की पाळी चिघळते, मंगळसूत्राच्या आकड्याखाली मान खाजते. कारण निकेल. घामात निकेलचे कण सुटे होतात, आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यात घामाला काय तोटा! निकेल हा धातू. तो पक्का बंध करत नाही, प्रथिनातल्या काही जागांना सैलसा धरून बसतो. मग इतका त्रास का? २०१०मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना उत्तर सापडलं. जंतू आले हे ओळखणारी एक घंटा आपल्या पेशींवर असते, आणि माणसाच्या त्या घंटेवर निकेल धरण्याजोगी जागाच आहे. निकेल थेट घंटा बडवतो. उंदराच्या घंटेवर ती जागा नाही, म्हणून उंदराला निकेल सहजी बाधत नाही. युरोपात दागिन्यांतून किती निकेल सुटावं यावर कायद्यानं मर्यादा आहे. आपल्या बाजारात सोन्याचा मुलामा झिजेपर्यंत सगळं गोड, मुलामा गेला की कान बोलू लागतात.

सिमेंटची गोष्ट त्याहून उद्बोधक आहे. आपल्याकडची कित्येक माणसं पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर आहेत. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, त्यानं भिंत आधीच ढासळते. वर त्यात क्रोमियम असतो, आणि त्याची दोन रूपं. सहा संयुजेचा क्रोमियम कातडीतून झटकन आत जातो, पण प्रथिनाला धरत नाही. तीन संयुजेचा प्रथिनाला चांगला धरतो, पण बाहेरून आत जात नाही. म्हणजे दोघंही अर्धवट. पण सहावाला आत गेला की कातडीतच त्याचा तीनवाला होतो! वेशीवर एक सोंग, आत शिरल्यावर दुसरं.

उपाय मात्र फार साधा निघाला. सिमेंटमध्ये थोडं फेरस सल्फेट मिसळलं की सहावाला बाहेरच तीनवाला होतो आणि आत येऊच शकत नाही. डेन्मार्कनं १९८३मध्ये हे नियमात आणलं, २००५पासून सगळ्या युरोपीय संघानं. फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस. सोयाबीन पिवळं पडलं की आपण फवारतो तेच.

कपाळावरचा पांढरा ठिपका

ही खरं तर ॲलर्जीच्या शेजारची गोष्ट, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदात कधीकधी पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचा पदार्थ असतो. त्याची ठेवण टायरोसिनसारखी, म्हणजे ज्यापासून कातडी आपला रंग बनवते त्या कच्च्या मालासारखी. रंग बनवणारी पेशी फसते, त्यालाच कच्चा माल समजून वापरते, तयार होतं विष, आणि पेशीच मरते. टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उरतो. सासरची माणसं ‘कोड फुटलं’ म्हणून कुजबुजतात आणि सोयरिकीपर्यंत गोष्टी जातात. कारण असतं रेणूचा चेहरा दुसऱ्यासारखा असणं, एवढंच. टिकली बदलून कुंकवावर यावं आणि डाग त्वचातज्ज्ञाला दाखवावा. गावगप्पांना दाखवू नये.

“मग रक्त तपासून टाकू की”

मामांचाही हाच आग्रह होता. मोठ्या लॅबचं पॅकेज घ्यायचं, शंभर गोष्टींची ॲलर्जी एका झटक्यात. पण त्या तपासणीत रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांचा शोध घेतात. ते गांध्या, शिंका, दम्याच्या कामाचे. स्पर्शाच्या ॲलर्जीत काम करते पेशींची फौज. ती त्या कागदावर येत नाही. पैसे जातात आणि ‘वांगं टाळा’ लिहिलेला एक रंगीत तक्ता घरी येतो.

यासाठी तपासणी वेगळी आणि जुनी आहे. योझेफ यादासोन या जर्मन डॉक्टरांनी १८९५मध्ये ती दाखवली. संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात पाठीवर पट्टीनं चिकटवायचे, दोन दिवस ठेवायचे, काढून बघायचं, आणि एक-दोन दिवसांनी परत बघायचं. जिथं लाल होऊन खाजेल तो चोर. पद्धत इतकी हळू का, ते आता कळलं असेल. फौजेला यायला वेळ लागतो. हे त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावं. घरी गालावर कलप लावून बघण्याचे प्रयोग करू नयेत.

आणि प्रत्येक खाज ही नसते. गजकर्णावर मेडिकलमधून आणलेलं ‘तीन औषधांचं’ मलम चोपडून ते अंगभर पसरवलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. त्यातलं स्टेरॉइड फौजेला झोपवतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

“महागातला घेतला तर?” हेही मामांनी विचारलं होतं. किमतीचा आणि आकड्याचा संबंध नाही. ‘अमोनिया नाही’ लिहिलं तरी आकडेवाला असू शकतो, कारण अमोनियाचं काम वेगळंच, केसाचं दार उघडणं. ‘हर्बल’ लिहिलेल्या पाकिटातही तो निघतो.

मामांना संभाजीनगरला नेऊन पाठीवर पट्ट्या लावल्या. दोन दिवस आंघोळ नाही, म्हणून त्यांचा जीव खालीवर. पट्ट्या काढल्या तेव्हा एकच चौकोन लाल होता. परत बघायच्या दिवशी त्यावर बारीक फोड आलेले. डॉक्टरांनी चौकोनाचा क्रमांक बघून नाव सांगितलं. पॅरा-फेनिलीनडायअमाईन.

घरी आल्यावर मामींनी कपाटातून कलपाचं रिकामं पाकीट काढलं. पुढच्या बाजूला हिरवी पानं, आवळा, जास्वंद. मागच्या घडीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत घटकांची यादी. मामांनी पंचांग वाचायचं भिंग आणलं, एकेक अक्षर लावत ते नाव शोधलं, आणि बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले.

“सोळा वर्षांत हे पाकीट उलटं करून कवा बघितलंच नाही रे,” म्हणाले. मग भिंग मामींच्या हातात दिलं. “बघ, तुझ्या वांग्याचं नाव कुठं आहे का त्यात.”